चिनी सुई, चिनी पुडी आणि मायचे गुडघे

आमच्या वसमत तालुक्यात जानेवारी लागला की हळदीची काढणी सुरू होते. तेथून उन्हाळ्यापर्यंत बायामाणसांच्या हातांचा पिवळा रंग काही जात नाही. माझ्या मायने पस्तीस-चाळीस हंगाम हे काम केले. मातीतून कंद वेचायचे, गड्ड्यापासून हळकुंडे मोडून वेगळी करायची, शिजलेली हळद उन्हात पसरायची, वाळली की गोळा करायची. हे सारे उकिडवे बसून. याच मजुरीवर तिने मला बी.कॉम.पर्यंत शिकविले. आज मी एका पतसंस्थेत लिपिक आहे. संध्याकाळी वस्तीतल्या विहारात मुलांची अभ्यासिका चालवितो. १४ एप्रिलच्या आरोग्य तपासणी शिबिरात दरवर्षी धावपळ करतो. त्यामुळे वस्तीतली माणसे मला चार गोष्टी कळणारा माणूस समजतात. हा लेख त्या कळण्याला बसलेल्या फटक्याविषयी आहे.

मायचे वय आता सदुसष्ट. गेली सहा-सात वर्षे तिचे गुडघे धरलेले आहेत. साखरेचा आजार आणि रक्तदाब आहेच. सरकारी दवाखान्यातून गोळ्या मिळतात, त्या ती नेमाने घेत असे. गुडघ्याचा एक्स-रे काढला तेव्हा डॉक्टरांनी सांगितले, "झीज झाली आहे. उकिडवे बसणे बंद करा, मांडीचे व्यायाम करा, वजन कमी करा." बाहेर आल्यावर माय म्हणाली, "झीज म्हंजी काय रे? म्या काय चप्पल हाय का?" मी हसलो. पण तिला रात्री झोप लागत नव्हती आणि संडासला बसून उठताना ती भिंतीला धरून कण्हत होती, हे हसण्यासारखे नव्हते.

अशात दोन वर्षांपूर्वी माझ्या हातात एक पत्रक आले. एका लॉजवर "चिनी उपचार शिबिर" भरले होते. सुई आणि जडीबुटी, गुडघेदुखी मुळापासून बंद. पत्रकावर डॉ. कोटणीसांचा फोटो छापला होता. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस चीनमध्ये गेले व तिथल्या रुग्णांची सेवा करता करता वारले, हे मी शाळेत असताना वाचले होते. तो फोटो पाहून माझा अर्धा विश्वास तिथेच बसला.

मी बुवाबाजीविरुद्ध बोलणारा माणूस आहे. त्या खोलीत अंगारा असता, लिंबू असते, तर मीच चार पोरे घेऊन ते शिबिर बंद पाडले असते. पण तिथे पांढरा कोट होता. भिंतीवर माणसाच्या शरीराचा ठिपक्याठिपक्यांचा तक्ता होता. मी फसलो तो अंगाऱ्याला नव्हे, कोटाला फसलो.

त्या माणसाने स्टीलच्या ताटलीतल्या स्पिरिटमधून चार सुया काढल्या, मायच्या गुडघ्यांना टोचल्या, दहा मिनिटांनी काढून पुन्हा त्याच ताटलीत टाकल्या. मग एक पुडी दिली. करड्या रंगाची भुकटी, पुडीवर अक्षर नाही. महिन्याचे अठराशे रुपये. "ही चीनमधली जडीबुटी आहे. हिच्यावर साखरेच्या गोळ्या चालत नाहीत, त्या बंद करा," असे त्याने सांगितले. मायने माझ्याकडे पाहिले. मी मान हलविली. आजही ती मान हलविलेली आठवते आणि लाज वाटते.

चौथ्या दिवशी माय काठीशिवाय चालली. वस्तीत बोभाटा झाला. तिचे पाहून आणखी पाच बायकांनी पुड्या आणल्या. त्यातल्या दोघींना तर मीच लॉजचा पत्ता दिला होता.

दुसरा महिना संपता संपता मायचे तोंड गोल दिसू लागले. नातेवाईक म्हणाले, तब्येत भरली. मग तहान वाढली, रात्री पाच-सहा वेळा उठणे सुरू झाले, पायाच्या अंगठ्याजवळची खरचट चिघळली. दवाखान्यात नेले तर साखर ४१२. सहा दिवस भरती करावे लागले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पुडी हातात घेतली आणि म्हणाल्या, "झाडपाल्याने चार दिवसांत अशी काठी सुटत नाही. सांधेदुखीच्या बेनामी पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले असते. झटपट आराम, गोल चेहरा, चढलेली साखर ही त्याचीच लक्षणे आहेत." मी रागाने म्हणालो, आत्ताच फेकून देतो. त्यांनी मला थांबविले. दोन महिने बाहेरून स्टिरॉइड मिळाले की शरीर स्वतःचे तयार करणे कमी करते. एकदम बंद केले तर माणूस गळून जातो, रक्तदाब खाली येतो, जिवावरही बेतू शकते. म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करावे लागते. त्याच संध्याकाळी मी त्या पाचही जणींच्या घरी गेलो, झालेले सांगितले आणि दुसऱ्या दिवशी त्यांना दवाखान्यात घेऊन आलो. लॉजवर गेलो तेव्हा खोलीला कुलूप होते.

पत्रकावरचा फोटो

मायला घरी आणल्यावर मी प्रथम डॉ. कोटणीसांविषयी मिळेल ते वाचून काढले. त्यांच्या फोटोवर मी विश्वास ठेवला होता, तेव्हा त्यांनी खरोखर काय केले हे पाहणे भाग होते.

जपानने चीनवर आक्रमण केले होते. तेव्हा १९३८ साली भारतातून पाच डॉक्टरांचे पथक चीनला गेले. त्यात सोलापूरचे डॉ. कोटणीस होते, नागपूरचे डॉ. चोळकर होते, कलकत्त्याचे डॉ. बिजयकुमार बसू होते. कोटणीस शल्यचिकित्सक होते. जखमी सैनिकांवर त्यांनी शस्त्रक्रिया केल्या, पुढे बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले, तिथल्याच एका परिचारिकेशी लग्न केले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी गेले. व्ही. शांतारामांनी १९४६ साली त्यांच्यावर चित्रपट काढला तोही पुष्कळांना ठाऊक असेल. म्हणजे ज्यांचा फोटो छापून मला पुडी विकली, ते हातात शस्त्रक्रियेची सुरी घेऊन गेलेले डॉक्टर होते. पुडी विकायला गेले नव्हते.

मग सुईचा संबंध आला कोठून? तो डॉ. बसूंमुळे आला. ते पुढे पुन्हा चीनला गेले, तिथे ॲक्युपंक्चर शिकले आणि १९५९ साली त्यांनी कलकत्त्यात ही पद्धती आणली. त्यांनी आपल्या सोबत्याचे नाव या कामाशी जोडले, म्हणून देशात ठिकठिकाणी ॲक्युपंक्चरच्या पाट्यांवर कोटणीसांचे नाव दिसते. त्यातल्या कितीतरी जागी प्रामाणिक काम चालत असेल. पण नाव मोठे असले म्हणून पुडीतली भुकटी शुद्ध ठरत नाही, हा धडा मला चांगलाच महाग पडला.

पुन्हा सुई?

मायची साखर ताब्यात आली, पण स्टिरॉइड कमी होताच गुडघे पहिल्यासारखे दुखू लागले. रोज वेदनाशामक गोळ्या देता येईनात, कारण मूत्रपिंडावर ताण येत होता. मी डॉक्टरीणबाईंना भीत भीत विचारले, "खरा सुईचा उपचार करून पाहिला तर?" त्या म्हणाल्या, "हरकत नाही. दुखण्यासाठी काहींना उपयोग होतो. पण नोंदणी असलेल्या माणसाकडे जा, नव्या सुया उघडताना स्वतः पाहा, आणि आमची एकही गोळी बंद करू नका."

माय तयार होईना. "चिन्याचं नाव काढू नको मह्यापुढं," एवढेच ती बोलली. तेव्हा मी एकटाच नांदेडला जाऊन आलो. आपल्या धम्माची रीतच 'या आणि पाहा' ही आहे. पहिल्या वेळी मी पाहायचे सोडून नुसता विश्वास ठेवला होता.

या वेळी मी कागदावर प्रश्न लिहून नेले. आपली नोंदणी कोठे आहे? महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे. त्याखाली महाराष्ट्र ॲक्युपंक्चर परिषद आहे आणि हा उपचार करणाऱ्यांची नोंदणी तिच्याकडे होते. केंद्र सरकारनेही २०१९ साली ॲक्युपंक्चरला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. तेथल्या बाईंनी न रागावता भिंतीवरचे प्रमाणपत्र दाखविले. सुया एकदाच वापरायच्या आहेत का? त्यांनी सीलबंद पाकीट माझ्या हातात दिले. किती वेळा यावे लागेल, किती खर्च येईल? "आठ बैठका. पाच झाल्या की आपण हिशेब करू. फरक नसेल तर मीच नको म्हणेन." गुडघा बरा होईल का? त्यावर त्या म्हणाल्या, "झिजलेले हाड सुईने परत येत नाही. दुखणे कमी झाले तर तुमची आई व्यायाम करू शकेल. खरा उपयोग त्या व्यायामाचा होईल." हे उत्तर ऐकून मी मायला न्यायचे ठरविले. "मुळापासून बंद" म्हणणाऱ्यापेक्षा "एवढेच होईल" म्हणणारा माणूस मला खरा वाटला.

तिथे काय काय होते

ज्यांना हा उपचार घ्यायचा असेल, त्यांच्या मनातली भीती जावी म्हणून सविस्तर सांगतो.

पहिल्या दिवशी सुईपेक्षा प्रश्नच जास्त असतात. कुठे दुखते, केव्हा दुखते, झोप कशी, भूक कशी, शौचाला साफ होते का, थंडी सोसते की ऊन, पाळी कोणत्या वयात गेली. जीभ बघतात. दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटे ठेवून नाडी बघतात. सुमारे चाळीस मिनिटे त्या बाई मायशी बोलत होत्या. माय सुरुवातीला "हं, हं" करत होती. मग एकाएकी सांगू लागली. बाळंतपणानंतर बाराव्या दिवशी ती वेचणीला गेली होती, हे मला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी त्या खोलीत कळले.

चिनी शास्त्राचे म्हणणे असे की शरीरात 'ची' नावाची शक्ती ठरावीक वाहिन्यांतून वाहते, ती अडली की दुखणे येते, आणि वाहिन्यांवरच्या बिंदूंना टोचून तो अडथळा काढता येतो. असे ३६१ बिंदू त्यांनी मोजून ठेवले आहेत. शरीर फाडून पाहिले तर अशा वाहिन्या काही सापडत नाहीत. आजचे डॉक्टर वेगळा खुलासा करतात. टोचल्याने मज्जातंतू जागे होतात, मेंदू व मज्जारज्जूतून वेदना दाबणारी द्रव्ये स्रवतात. उपचार घेणाऱ्याने 'ची'वर श्रद्धा ठेवलीच पाहिजे असे काही नाही.

सुई इंजेक्शनच्या सुईसारखी नसते. ती पोकळ नसते, तिच्यातून औषध जात नाही. जाडी जवळजवळ केसाएवढी. टोचताना मुंगी चावल्यासारखे होते. नंतर त्या जागी जडपणा येतो, मुंग्या येतात किंवा आतून ओढल्यासारखे वाटते. ते तसेच वाटायचे असते. झणझणीत कळ आली तर मात्र लगेच सांगावे. मायला दहा सुया लावल्या, काही गुडघ्याभोवती, काही हातावर. गुडघ्याचे दुखणे आणि सुई हातात, हे पाहून माय म्हणाली, "बाई, इथं नाय दुखत." त्यांच्या पद्धतीत दूरचे बिंदूही घेतात. पायाची जखम नुकतीच भरली होती म्हणून पावलाला त्यांनी सुई लावली नाही. वीस-पंचवीस मिनिटे पडून राहायचे. माय तिसऱ्या बैठकीपासून तिथे चक्क घोरू लागली.

काही ठिकाणी सुयांना तारा जोडून अगदी सौम्य वीज देतात. हृदयात पेसमेकर असलेल्याने ती घेऊ नये. काही ठिकाणी दवण्याच्या कुळातल्या एका वनस्पतीचा वाळका पाला पेटवून त्याची धग बिंदूजवळ देतात. आपल्याकडे पोटात दुखले की लेकरांना डागत, तसे हे नाही, कातडीला टेकवायचे नसते. तरी साखरेच्या आजारात पायाची जाणीव कमी झालेली असते आणि भाजलेले कळत नाही, म्हणून मायला तो शेक दिला नाही. काही जण पेले लावतात. जुन्या माणसांना तुंबडी आठवेल, तशातलाच प्रकार. त्याचे लाल-जांभळे वण आठवडाभर राहतात.

जाताना उपाशीपोटी जाऊ नये, चक्कर येते. सैल कपडे घालावेत. नंतर एखाद्या जागी रक्ताचा थेंब किंवा हिरवा-निळा डाग येतो, त्याने घाबरू नये. त्या दिवशी थोडे सुस्त वाटते. पण छातीवर किंवा पाठीवर सुई लावल्यानंतर दम लागला, छातीत दुखले, तर तडक मोठ्या दवाखान्यात जावे, क्वचित फुफ्फुसाला इजा होते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, दिवस गेलेले असतील, तर आधीच सांगावे. आणि वापरलेली सुई कोणी पुन्हा वापरत असेल तर उठून यावे, कारण तिच्यातून दुसऱ्याची कावीळ आपल्या रक्तात येऊ शकते. लॉजवरच्या ताटलीतल्या सुयांमुळे मायची कावीळ आणि एच.आय.व्ही.ची तपासणी मला करून घ्यावी लागली. सुदैवाने दोन्ही निकाल चांगले आले.

गुण किती येतो

जर्मनीत जुनाट कंबरदुखीच्या अकराशेहून अधिक रुग्णांवर एक मोठी पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. काहींना रीतसर ॲक्युपंक्चर दिले, काहींना चुकीच्या जागी वरवर सुया टोचल्या, काहींना नेहमीची औषधे व व्यायाम. सहा महिन्यांनी रीतसर सुईवाल्यांपैकी सुमारे ४७ टक्क्यांना, खोट्या सुईवाल्यांपैकी ४४ टक्क्यांना आणि नेहमीच्या उपचारवाल्यांपैकी २७ टक्क्यांना गुण आला.

हे आकडे मी दोन-तीन वेळा वाचले. त्यातून दोन गोष्टी निघतात. सुई घेणाऱ्यांना आराम पडला ही पहिली. आणि सुई नेमकी कोणत्या बिंदूवर टोचली याने फारसा फरक पडला नाही, ही दुसरी. मग आराम कशाने पडला? टोचण्याने थोडा पडला असेल. शांत पडून राहण्याने, कोणी आपुलकीने हात लावून विचारपूस करण्याने थोडा पडला असेल. मला मायची ती चाळीस मिनिटे आठवतात. चाळीस वर्षे राबलेल्या बाईला "तुला कुठे दुखते?" असे बसून विचारणारे आयुष्यात कोणी भेटलेच नव्हते. तेवढा आराम तर आपण घरच्या घरी, फुकट देऊ शकलो असतो.

कंबर, मान, गुडघा यांचे जुने दुखणे, अर्धशिशी, कर्करोगाच्या औषधांनी होणारी मळमळ, अशा ठिकाणी या उपचाराचा उपयोग होऊ शकतो. पण सुईने साखर बरी होत नाही, क्षयरोग जात नाही, गाठ विरत नाही. तोंड वाकडे झाले, एका बाजूचा हातपाय लुळा पडला, छातीत कळ आली, तर नांदेडची गाडी सुईसाठी नव्हे, मोठ्या दवाखान्यासाठी धरायची. आणखी एक गोष्ट आपल्या समाजाने लक्षात ठेवावी. तरण्या पोराचे हातपाय, सांधे वारंवार ठणकत असतील, अंगात रक्त कमी असेल, तर सुई-पुडीच्या आधी सिकलसेलची रक्ततपासणी करावी. हा आनुवंशिक आजार विदर्भात व आसपासच्या भागात आपल्याही समाजात आढळतो.

पुडीचे काय?

सुईवाल्या बाईंनी मायला कोणतीही चिनी जडीबुटी दिली नाही. मी मुद्दाम विचारले. त्या म्हणाल्या, "ते शास्त्र वेगळे आहे, मी ते शिकलेले नाही." आपल्या देशात आयुर्वेद, युनानी, सिद्ध, होमिओपॅथी, तिबेटी सोवा-रिग्पा यांना सरकारी मान्यता आहे. चिनी वनौषधींना तशी मान्यता नाही. तेव्हा कोणी स्वतःला चिनी जडीबुटीचा डॉक्टर म्हणवीत असेल, तर त्याची नोंद तपासायला आपल्याकडे दप्तरच नाही, हे समजून असावे.

चीनमध्ये वैद्य पाच, दहा, पंधरा वनस्पती एकत्र करून देतात. त्या मातीच्या भांड्यात उकळून आपल्या काढ्यासारखा कडू रस प्यायचा. आपल्या हळदीला, आल्याला, ज्येष्ठमधालाही त्यांच्या औषधांत जागा आहे. पण झाडपाला म्हणजे निरुपद्रवी, ही आपली समजूत चुकीची आहे. ज्येष्ठमध रोज भरपूर घेतला तर रक्तदाब वाढतो. बेल्जियममध्ये १९९० नंतरच्या वर्षांत वजन कमी करण्याच्या एका दवाखान्यातून चिनी वनस्पतींच्या गोळ्या दिल्या गेल्या. त्यात एका वनस्पतीच्या जागी नावाने सारखी वाटणारी दुसरी, विषारी वनस्पती आली. शंभरहून अधिक बायकांची मूत्रपिंडे निकामी झाली, काहींना पुढे कर्करोगही झाला. ज्या वनस्पतीत गुण असतो तिच्यात इजा करण्याची ताकदही असते.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. चीनमध्ये तू यूयू नावाच्या संशोधक बाईंनी जुन्या ग्रंथांतील हिवतापाचे उपाय चाळले. त्यात त्यांना दवण्याच्याच कुळातील एका झुडपाचा उल्लेख सापडला. उकळले की त्याचा गुण जातो हे ओळखून त्यांनी कमी उष्णतेवर अर्क काढला, प्राण्यांवर तपासला, पहिल्यांदा स्वतः घेऊन पाहिला, मग रुग्णांना दिला. ते १९७१-७२ साल होते. २०१५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मेंदूला चढणाऱ्या हिवतापावर आज आपल्या सरकारी दवाखान्यात जी औषधे देतात, ती या अर्कापासून तयार झालेली आहेत. म्हणजे चिनी जडीबुटी आपल्या गावात कधीच येऊन पोचली आहे. फक्त ती नाव, प्रमाण, तारीख छापलेल्या पाकिटात आली, तपासणी होऊन आली. माझ्या मायला मिळालेल्या पुडीवर अक्षर नव्हते.

जमा आणि खर्च

मी वाणिज्य शाखेचा माणूस, म्हणून हिशेब मांडल्याशिवाय चैन पडत नाही. लॉजवरच्या पुड्या दोन महिन्यांच्या ३,६०० रुपये. नंतर बाहेरून कराव्या लागलेल्या तपासण्या व औषधे २,२०० रुपये. एकूण ५,८००. शिवाय माझी आठ दिवसांची रजा आणि पायाच्या जखमेचा दोन महिने घोर. नांदेडला पहिल्या तपासणीचे ५०० रुपये, आठ बैठकांचे २,४००, दोघांच्या एस.टी.चे १,६००, कारण बायकांना २०२३ पासून अर्धे तिकीट आहे. एकूण ४,५००. हेही थोडे नाहीत. मजुरीवर जगणाऱ्या घराने उसने काढून हा उपचार करावा असे मी म्हणणार नाही. व्यायाम फुकट आहे, तो आधी करावा.

पाचव्या बैठकीनंतर बाईंनी मायला विचारले, "किती फरक आहे?" माय म्हणाली, "रुपयात सा आणे कमी हाय." आठवीनंतर ती आठ आण्यांवर आली. आजही तिथेच आहे. रात्री झोप लागते, विहारापर्यंत चालत येते, खुर्चीवर बसून मांडीचा व्यायाम दिवसातून दोनदा करते. उकिडवे बसता येत नाही, येणारही नाही. घरात संडासला बसायची खुर्ची आणली. या हंगामात शेजारणींना मदत म्हणून ती हळद मोडायला गेली तेव्हा लाकडी स्टूल घेऊन गेली. पहिल्या दिवशी बायका हसल्या. महिन्याभराने त्यातल्या तिघींनी स्टूल केले.

आयाबहिणींनो, सुई घ्या किंवा घेऊ नका. पण कोणी रोजच्या गोळ्या बंद करायला सांगितल्या तर तिथून उठा. पुडीवर बनविणाऱ्याचे नाव, घटक, परवाना क्रमांक आणि तारीख नसेल तर पैसे देऊ नका. चार दिवसांत जुने दुखणे पळाले तर आनंद मानू नका, साखर आणि रक्तदाब तपासा. आणि घरातल्या म्हातारीला एकदा अर्धा तास बसून विचारा, माय, तुला कुठे दुखते.

दर रविवारी सकाळी मी विहारात अभ्यासिकेच्या टेबलावर असतो. घरात कसलीही पुडी, बाटली, गोळी आली असेल आणि तिच्यावरचे वाचता येत नसेल, तर ती घेऊन या. मी डॉक्टर नाही, औषध सांगणार नाही. पण वाचून दाखवीन, आणि त्यावर काहीच लिहिलेले नसेल तर तसे स्पष्ट सांगेन. त्या पाच बायकांपैकी दोघींना लॉजचा पत्ता मी दिला होता. ते देणे अजून फिटायचे आहे.